पुसला तरी परत येणारा नंबर

नणंदेनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं आणि आमच्या घरात तिचं नाव काढायची बंदी झाली. नवऱ्यानं तिचा नंबर स्वतःच्या फोनमधून पुसला, माझ्याही फोनमधून पुसायला लावला. थोड्याच दिवसांत यांच्या मेसेजच्या यादीत ती परत हजर! हिरव्या साडीतला फोटो आणि नाव 'बाई'.

"तूच टाकला," हे म्हणाले.

"मले काय दुसरे धंदे नाईत? तुमच्या फोनले मी हात तरी लावतो का?"

पुन्हा पुसला, पुन्हा आला. यांनी लॉक बदललं, फोन उशीखाली ठेवायला लागले. असा संताप झाला माझा! मग मलाच शंका आली. तिला 'बाई' म्हणतं कोण? मी तर नावानंच हाक मारायची. बाई म्हणायचे ते हेच! म्हणजे स्वतः नंबर टाकायचा, बहिणीशी गुपचूप बोलायचं आणि आळ माझ्यावर? वा रे वा! यांचा फोन वाजला की मीही कान टवकारून बसायला लागले.

सोयाबीनच्या सोंगणी-कापणीच्या वेळी आम्ही मेडशीला सासूकडे गेलो. वाशीमच्या घरून निघाल्यापासून एसटीत दोघंही आपापला फोन मुठीत धरून. यांनी नवा फोन घेतला तेव्हा जुना सासूला दिला होता. चहा व्हायच्या आत तिनं तो यांच्या हातात ठेवला.

"पाह्य बरं, काय बिघडलं याच्यात. माह्या बाईचा नंबर घडीघडी गायब होते. शेजारची अंगनवाडीवाली भरून देते, का पुन्हा गायब! मले त तिच्यावरच शक येऊन राह्यला."

यांनी यादी उघडली. गॅसवाला, यांचे साहेब, माझा भाऊ, सगळे सासूच्या फोनात! जुना फोन देताना यांनी आपलं गूगलचं खातं त्यातून काढलंच नव्हतं. तिनं इथे भरलेला नंबर वाशीमला दिसायचा आणि यांनी तिथे पुसला की इथूनही जायचा.

माझ्या जिभेवर चांगलं तिखट बोलणं आलं होतं. पण सासू यांच्या तोंडाकडे बघत होती.

"तू नको बोलू तिच्यासंग, मी कुठं बोल म्हनतो? पन तिले दिवस गेले हायेत रे. तिचा आवाज आयकल्याबिगर मले घास जात नाई. कोन पुसते तिचा नंबर?"

यांनी फोन तिच्या हातात परत दिला.

"आता नाई पुसल्या जाईन, माय."