साहेबांचा कप

आमच्या थोरल्या मामांइतकं प्रेम साहेबांवर खुद्द साहेबांनीही केलं नसेल. श्रीगोंद्याकडचा हा ऊसवाला माणूस घरात कुणाचं ऐकायचा नाही, पण टीव्हीवर साहेब दिसले की जेवता जेवता उठून उभा राहायचा. मामी म्हणायच्या, "आवो, तिकडून त्यास्नी तुमी दिसत न्हाई!" "मला दिसत्यात की," म्हणून मामा जाहिरात लागेपर्यंत हातात घास धरून तसेच उभे.

या भक्तीचं मूळ म्हणजे एक कप. फार वर्षांपूर्वी प्रचारात साहेबांची गाडी मामांच्या दारात पंक्चर झाली आणि चाक बदलेपर्यंत साहेब ओट्यावर बसून चहा प्यायले. तेव्हापासून तो निळ्या फुलांचा कप कपाटात, काचेमागे, लग्नाच्या फोटोच्याही पुढे. मामींनी एकदा तो विसळला, तर मामांनी दोन दिवस अबोला धरला. पाहुण्याला आधी कप दाखवायचा, मग पाणी. ही गोष्ट मी शंभरदा तरी ऐकली असेल. दर खेपेला साहेब एक घोट जास्त प्यायचे.

परवा साहेबांवर साखर कारखान्याच्या पैशांत गफला केल्याचा आरोप झाला आणि ते टीव्हीवरून उत्तर देणार असं कळलं. मामांनी इस्त्रीचा सदरा घातला, टोपी चढवली आणि अर्धी गल्ली घरात आणून बसवली. स्वतः अर्थातच उभे, दर वाक्याला टाळी वाजवत. शेवटी साहेबांनी छातीवर हात ठेवला, "इतक्या वर्षांत मी कुणाच्या दारचा कपभर चहासुद्धा प्यायलेलो नाही!"

मामांची टाळी अर्ध्यावरच राहिली. सगळी गल्ली कपाटाकडे बघायला लागली. "तात्या, मंग त्यो कप कुनाचा हो?" शेजारच्या टेलरचाचांनी मामांना विचारलं आणि एकच हशा पिकला. कारखान्याच्या पैशांचं मामांना काही वाटलं नव्हतं, पण चहाचं जिव्हारी लागलं. साहेब अजून बोलत होते आणि मामा चक्क खाली बसले.

गल्ली पांगल्यावर त्यांनी कप काढून मामींच्या हातात दिला. "च्या टाक. भाच्याला ह्याच्यातच दे." मी कचरलो. "पी रं! कुनी पिलंच न्हाई म्हनल्यावर कप कोराच हाय की!" आणि असे खदखदून हसले की मामींच्याही डोळ्यांत पाणी आलं.

आता मी गेलो की चहा त्याच कपात मिळतो. शेवटचा घोट संपेपर्यंत मामा समोर बसून बघत असतात. मग हळूच विचारतात, "पिलास नव्हं? कुनी इचारलं तर सांगशील ना?"

म्हणून इथं सांगून ठेवतो. मामांच्या घरचा चहा मी प्यायलो आहे, आणि तो फार चांगला असतो.