शिवराज अण्णांनी निवडलेलं कॉलेज

अवजड गाड्यांच्या दुरुस्तीचं शिक्षण मी कुठं घ्यावं, हे शिवराज अण्णांनी ठरवलं. आज ओडिशातल्या खाणीवर मी डंपर दुरुस्त करतो, ते त्यांच्यामुळं. हे आधी लिहून ठेवतो. दीड महिन्यापूर्वी त्यांच्या धाकट्या भावाचा, प्रभूअण्णाचा फोन आला. बिदरला नौबाद भागातल्या त्यांच्या गॅरेजात टिपरचा, म्हणजे खडी वाहणाऱ्या ट्रकचा, उचललेला मागचा हौदा खाली आला. अण्णा त्याखाली होते. "हौदा परत उचलेपर्यंत संपलं हुतं बालाजी," एवढंच तो बोलला.

दहावीनंतर शाळा सोडून मी खटकचिंचोळीजवळ खडी फोडायच्या मशीनवर राबत होतो. तिथले टिपर अण्णांकडं दुरुस्तीला जायचे. मला हे काम शिकायचंय असं कळल्यावर ते एक दिवस गॅरेज बंद ठेवून माझ्याबरोबर निघाले. सीमेपलीकडं, महाराष्ट्रातल्या एका खासगी कॉलेजात मराठीतून शिकवत. काचेचं दार, टाय लावलेले सर, हॉलच्या मधोमध लाल-हिरव्या रंगात चकाकणारं इंजिन. मी भुललोच. अण्णांनी एका नटावरून अंगठा फिरवला. "कामून रंग बघायलास? नटाच्या कडा बघ. ह्याला कवाच पाना लागला न्हाई." सर म्हणाले, ते फक्त दाखवायला ठेवलंय. "व्हय सर," अण्णा म्हणाले, "नवरीबी मांडवात दाखवायलाच बसवत्यात, पर मागनं नांदवत्यात की!"

बिदरकडच्या कॉलेजात फरशी तेलानं काळी पडलेली, नटांच्या कडा झिजलेल्या. पण शिकवणं कन्नडात. मला कन्नड बोलता यायचं, लिहिताना घाम फुटायचा. नापास झालो तर परत खडीच्या धुळीत, ही धास्ती. "भाषा येतीय रं," अण्णा म्हणाले, "तुटलेली बोटं परत येत न्हाईत." मी तिथंच नाव घातलं.

तिथल्या मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात वहीत लिहून घेतलं होतं : हौदा उचलला की आधी लोखंडी टेकू लावायचा, मगच खाली शिरायचं. हौदा तेलाच्या दाबावर उचलून धरलेला असतो, तेलाचा पाइप कधी फुटेल सांगता येत नाही.

गेल्या सुट्टीत अण्णांना भेटायला गेलो, तर ते हौद्याखाली उभे होते आणि टेकू नव्हता. आमच्याकडं मोठ्या माणसाच्या कामात खोट काढत नाहीत, त्याच्याच माणसांसमोर तर नाहीच. तरी पुटपुटलो, "अण्णा, टेकू..." ते हसले. "कॉलेज मी दावलो, अन् मलाच शिकवायलास व्हय रं?" सगळे हसले. मीही हसलो... चहा पिऊन निघालो. त्या दिवशी पाइप फुटला नाही, एवढंच.

मातीला पोचू शकलो नाही. इथून घर दोन दिवसांवर. आता गॅरेज प्रभूअण्णा चालवतो. परवा फोनवर विचारलं, टेकू लावता का. तो म्हणाला, "कामाचा ढीग पडलाय बालाजी. बघू की." तोही माझ्याहून मोठा आहे. मी बरं म्हणून विषय सोडला. फोन ठेवला आणि स्वतःचीच लाज वाटली.

अण्णा, रजा मिळाली की मी आधी नौबादला येणार, मग घरी. प्रभूअण्णा रागावू दे, माणसं हसू देत, त्याला दंडाला धरून हौद्याखालून बाहेर ओढीन. तो ऐकेपर्यंत तिथून हलणार नाही. तुमचे उपकार फेडायला मला दुसरी वाट दिसत नाही. उशीर झालाय, पण फेडीन.