तानुमावशीचं चाक

शाळेतला माठ भरणारी आणि घंटा वाजवणारी तानुमावशी दुपारी बाकावर बसल्या बसल्या डुलकी काढायची, आणि दर डुलकीत तिला एकच स्वप्न पडायचं. आपण कुंभाराच्या चाकापाशी बसलोय आणि बोटांखालून मडकं हळूहळू वर येतंय. जाग आली की ती हात पदराला पुसायची.

विंचूरहून ती नाशिकच्या कुंभारवाड्यात सून म्हणून आली. बाईने चाकाला हात लावायचा नाही, असा सासरचा शिरस्ता. कुणी घातला, हे घरात एकालाही सांगता आलं नसतं. बायकांनी फक्त माती चाळायची, भिजवायची, मळायची. तानुमावशीने तीस वर्षं माती मळली. नवरा गेला तेव्हा दिरांनी चाक उचलून नेलं आणि ती शाळेत कामाला लागली.

सत्त्याण्णव साली चौथीत रूपाली नावाची मुलगी होती. पोर गुणी, पण चित्त थाऱ्यावर नाही. बाईंचं एक वाक्य पुरं होईपर्यंत ती मनाने गोदावरी ओलांडून पलीकडे पोचलेली असायची. दहा मिनिटं झाली की जागेवरून उठायची. मुख्याध्यापकांनी तिच्या आईला बोलावून बजावलं, वार्षिक परीक्षेत शेवटपर्यंत बसली तर ठीक, नाहीतर नाव काढून न्या.

त्याच दिवशी वर्गाबाहेर काढलेली रूपाली माठाशेजारी येऊन बसली. माठाला टेकण द्यायला तानुमावशीने घरून मातीचा गोळा आणला होता. तो तिने पोरीच्या हातात दिला.

"मळ. आत हवा राहिली की भट्टीत भांडं फुटतं. बोटाला बुडबुडा लागायचा बंद होईस्तवर सोडायचं नाय."

रूपाली बुडबुडे शोधत राहिली. ओल्या मातीच्या वासाने तानुमावशीला बोलावंसं वाटलं. जन्मात कुणाला न सांगितलेलं स्वप्न तिने सांगून टाकलं. पोरगी दूर कुठेतरी बघत होती; तिने ऐकलं नसावं. वर्गात छायाबाई इतिहास शिकवत होत्या. सुट्टीत मावशीने सहज विचारलं, आत काय शिकवलं, तर रूपालीने सगळा धडा घडाघडा सांगितला. मावशी छायाबाईंना हाताला धरूनच घेऊन आली. दुसऱ्या दिवसापासून रूपालीच्या डाव्या हातात गोळा आणि उजव्या हातात पेन्सिल. नजर तेवढी तशीच स्वप्नाळू राहिली.

परीक्षेला दुसऱ्या शाळेचे मास्तर आले. गोळ्यावरच्या नखांच्या खुणा पाहून त्यांना ही कॉपीची नवी तऱ्हा वाटली. गोळा काढून घेतला. रूपाली खिडकीकडे बघू लागली, मग तिचे पाय हलायला लागले. पाण्याचा पेला घेऊन तानुमावशी आत गेली.

"साहेब, फोडून बघा. चिठ्ठी निघाली तर मला कामावरून काढा."

मास्तरांनी गोळा फोडला. आत साधा बुडबुडाही नव्हता. अर्धा गोळा त्यांनी रूपालीला परत दिला आणि उरलेला अर्धा नकळत स्वतःच मळत बसले. शेवटची घंटा द्यायला तानुमावशी उठली, तेव्हा दोघंही जागेवरच होती.

रूपाली पाचवीत गेली. निकालाच्या दिवशी तिने मावशीच्या ओंजळीत एक पुडी ठेवली. आत त्याच अर्ध्या गोळ्याचं चाक होतं, वाळलेलं, काडीवर बसवलेलं. या पोरीचं म्हणे कशात लक्ष नसतं.

"मावशी, फिरवा की."

तानुमावशीने आधी मागे वळून पाहिलं. साठीला आलेली बाई, पण दिरांचा धाक अजून अंगात होता. मग तिने हात पदराला पुसला आणि चाकाला बोट लावलं.