दादाला बोलायला माणूस हवा होता

अविनाश गेला तेव्हा दादा पैठणची एसटी चालवत होता. बिडकीनच्या स्टँडवर कंट्रोलरने त्याला खाली बोलावून सांगितले, की मुलाच्या मोटारसायकलला ट्रकने धडक दिली, मुलगा राहिला नाही. बदली ड्रायव्हर येतोय, तुम्ही थांबा, असेही तो म्हणाला. दादा थांबला नाही. तो पुन्हा स्टेअरिंगवर बसला, गाडी पैठणला नेली, प्रवासी उतरवले आणि दुसऱ्या गाडीने परत आला.

त्या दादाला, माझ्या थोरल्या भावाला, जाऊन आता काही आठवडे झाले. सकाळी वहिनी चहा घेऊन उठवायला गेल्या, तो उठला नाही. दहाव्याला आलेले लोक त्याच्याबद्दल चांगलेच बोलले. सरळ माणूस, हात साफ, गाडीला कधी ओरखडा नाही. हे सगळे खरे आहे. पण शेवटची काही वर्षे दादा बोलण्यासाठी माणूस शोधत होता आणि त्याचा धाकटा भाऊ म्हणून मी त्याच्याबरोबर हिंडत होतो, हे तिथे कुणी काढले नाही. अशा गोष्टी आमच्याकडे काढत नाहीत. इथे लिहू का, म्हणून मी वहिनींना विचारले. त्या म्हणाल्या, "लिहा. लपवायसारखं काय केलं त्यांनी?"

बिडकीन ते पैठण या रस्त्यावर त्याच्या मनात काय चालले होते, हे दादाने कुणाला सांगितले नाही. वहिनींनी विचारून पाहिले, मीही एकदा विचारले. तो उठून बाहेर जायचा. नोकरी होती तोवर दिवस निघून गेले. निवृत्तीनंतर मात्र तो पलंगाच्या कडेला बसून राहू लागला. जेवण कमी झाले, झोप गेली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, झोप थोडी आली. मग तेच म्हणाले, "गोळीनं झोप येईल, पण यांनी कुणाशी तरी बोललं पाहिजे. समुपदेशक बघा."

आता बघा म्हणजे कसे बघा? आमच्या घरात कुठलीही गोष्ट ओळखीशिवाय होत नाही. शाळा, सोयरीक, दाताचा डॉक्टर, सगळे ओळखीतले. तेव्हा समुपदेशकही ओळखीतलाच शोधला. मेहुण्याच्या साडूचा पुतण्या निघाला. आम्ही गेलो. त्याने दादाचे पाय धरले, चहा मागवला, आमच्या गावाकडच्या उसाची चौकशी केली. भला मुलगा होता. बाहेर पडल्यावर दादा म्हणाला, "बापू, पाहुण्याकडं जाऊन आल्यावानी वाटलं. आहेर तेवढा राहिला."

"अरे, पहिलाच दिवस होता. पुढच्या खेपेला बोलशील."

"ह्याला काय सांगू? उद्या कुणाच्या तरी लग्नात हा माझ्या शेजारी पंगतीला बसायचा."

ओळख हा गुण नसून अडचण आहे, हे माझ्या तेव्हा लक्षात आले. पुढचे गृहस्थ मी अनोळखी शोधले. त्यांची फी चांगली होती आणि बोलणेही. मन कसे आवरावे, दुःखाकडे कसे पाहावे... तासभर तेच बोलले. जिना उतरताना दादा म्हणाला, "लई हुशार माणूस. मला टोल घेऊन सोडून दिलं." तरी तो तिथे आणखी एकदा गेला, माझ्या समाधानासाठी. त्यानंतर मी नावे सुचवायचो आणि तो नाही म्हणून मान हलवायचा. मीही थकलो होतो. नव्या माणसाला फोन करायचा, पुन्हा पहिल्यापासून सांगायचे, की मुलगा गेला, वडील बोलत नाहीत... तेच वाक्य किती वेळा म्हणायचे?

शेवटी भेटली ती समुपदेशक बाई तशी तरुण होती. शहागंजातून थोडे पुढे, एका कापडाच्या दुकानावर तिची खोली. या वेळी दादाने आधीच सांगितले होते, मी विचारीन, तू गप बस. त्याने जुनी गाडी ताब्यात घ्यावी तसे तिला तपासले.

"बाई, तुमी मधी मधी उपदेश करता का?"

"नाही. विचारलंत तर सांगेन."

"घरच्यांना सांगता का, मी काय बोललो ते?"

"नाही. तुमच्या जिवाला धोका वाटला तरच. आणि तेही आधी तुम्हाला सांगून."

"अन् जमलं नाय तर?"

"तर मला तसं सांगा, काका. मला वाईट वाटणार नाही. मी दुसरं नाव देईन."

दादा माझ्याकडे वळला. "ही पहिली, जी सोडून जा म्हणाली." मग त्याने खुर्ची उचलली आणि खिडकीकडे तोंड करून ठेवली. म्हणाला, "मला तोंडाकडं बघून बोलता येत नाय. जन्मभर रस्त्याकडं बघून बोललो." बाई उठली. तिने आपली खुर्ची उचलून त्याच्या शेजारी, त्याच दिशेला तोंड करून ठेवली. खाली हातगाड्या, रिक्षा, गर्दी. मी बाहेर येऊन दार ओढून घेतले.

तो दर बुधवारी जात राहिला. फार काही बदलले असे म्हणणार नाही. पण एकदा जेवताना तो म्हणाला, "अविनाशला कारलं आवडायचं नाय. तरी खायचा येडा, आईला वाईट वाटंल म्हणून." मुलाचे नाव त्या घरात कित्येक वर्षांनी निघाले. वहिनींची भाकरी तव्यावर करपली.

दादा गेल्यावर वहिनी म्हणाल्या, मला त्या बाईकडे न्या. आम्ही गेलो. वहिनी पदर सावरून बसल्या आणि एवढेच म्हणाल्या, "त्या दिवशी गाडी चालवताना ह्यांच्या मनात काय होतं? तुम्हाला बोलले असतील. तेवढं सांगा."

"मावशी, ते त्यांचं आहे. मला देता येणार नाही."

"बायकोपेक्षा तुम्ही जवळच्या झाल्या व्हय?"

 बाईचे डोळे भरून आले. वहिनी तडक उठल्या.  मला वाटले, त्यांचा राग लवकर जायचा नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "भावजी, बाई चांगली हाय. ह्यांनी चांगली निवडली." मग म्हणाल्या, "पण मला ती नको. ती ह्यांची हाय. तिच्यापुढं बसले की मी ह्यांचंच विचारीत राहीन. माझा पोरगा बी गेलाय. माझं कुणी ऐकलं? मला दुसरी बघा."

मी कशी हवी ते विचारले.

"वयानं मोठी असावी. अन् मी रडले तर लगेच पाण्याचा ग्लास पुढं करू नये तिनं."

दोन बायकांशी बोलणे झाले आहे. एकीकडे जाऊन आलो, ती वहिनींना पटली नाही. दुसरीने सोमवारी बोलावले आहे.