टेक्निशियन सूनबाई

व्यवसायाची निवड हा माणसाच्या आयुष्यातला गंभीर निर्णय असतो आणि तो पूर्ण विचार करूनच घ्यावा लागतो. घोडेगावात तहसील कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात काम करणाऱ्या बाईंनी तो सासऱ्यांचा विचार करून घेतला.

या बाई गिऱ्हाइकाच्या कागदाआधी त्याची नखं बघतात. मी सातबारा पुढे केला की म्हणतात, "भाऊ, अंगठ्याचं नख लई खोल कापताय तुमी." नखं घडवण्या-रंगवण्याचं काम शिकायचं त्यांच्या मनात कधीपासून होतं, परवानगी मात्र सासऱ्यांची लागणार होती.

क्लास दोन सापडले. पुण्यातल्या नावाजलेल्या क्लासात 'नेल आर्टिस्ट'चं प्रमाणपत्र मिळायचं. नारायणगावात एका पार्लरच्या माळ्यावर भरणाऱ्या क्लासात 'नेल टेक्निशियन'चं. मी पुण्याचा आग्रह धरला.

"तसं न्हाई, भाऊ," बाई म्हणाल्या. "आर्टिस्ट म्हणलं की मामंजींना तमाशाची राहुटी दिसती. सून आर्टिस्ट झालेली चालायची न्हाई त्यांना."

"ते स्वतः तर जत्रेतला एक तमाशा चुकवत नाहीत."

"म्हणून तर त्यांना आर्टिस्ट माहिती ना, राव!"

टेक्निशियन हा शब्द मात्र सासऱ्यांना इतका आवडला, की त्यांनी आधीचं 'नेल' गाळून तो गावभर सांगितला. बाईंनी नारायणगावचा क्लास मन लावून पूर्ण केला आणि घराच्या ओसरीवर टेबल मांडलं. पहिल्या आठवड्यात त्यांच्याकडे विहिरीवरच्या दोन मोटारी दुरुस्तीला आल्या.