एका चंद्राएवढी चूक

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाने आकाशाकडे बघावं यात विशेष काही नाही. शाफ्टच्या तळाशी उभं राहून वर बघायची मानेला सवय असतेच. विशेष हे, की या गृहस्थांना ग्रह, तारे, चंद्र असलं काही नको असतं. त्यांना दगड लागतात. घराएवढे, फार तर इमारतीएवढे, वर्षानुवर्षं कुणालाही न दिसता फिरणारे आणि एखाद्या संध्याकाळी पृथ्वीच्या अगदी जवळून निघून जाणारे लघुग्रह. सात मजली इमारतीत पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या या मेकॅनिकना शेजारी ‘खगोलराव’ म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि तेही ओ देतात.

खगोलराव बघतात कमी आणि ठरवतात जास्त. दुपारी कुठल्या तरी इमारतीच्या मशीनरूममध्ये डबा खाताना ते मांडीवर लॅपटॉप उघडतात. त्यात आकाशाचं वेळापत्रक आखणारं सॉफ्टवेअर आहे. कोणता दगड किती वाजता कोणत्या ताऱ्याशेजारून जाणार, किती उंचीवर, किती वेगाने, सगळं त्यात निघतं. मग त्याचा कागद छापायचा, घडी घालून खिशात ठेवायचा. महिन्यात वीस कागद निघतात. त्यातले पंधरा ढगात जातात, दोन-तीन पाहुण्यांत, आणि उरलेल्या वेळी हव्या त्या कोपऱ्यात कुणाचा तरी दिवा असतो.

‘लग्नाआधी एवढं प्लॅनिंग केलं असतंत,’ बायको म्हणते, ‘तर मी सुटले असते.’

असा दगड पकडायची त्यांची रीत ठरलेली आहे. तो इतक्या वेगाने सरकतो की त्याच्यामागे दुर्बीण घेऊन धावण्यात अर्थ नसतो. म्हणून त्याच्या वाटेवरचा एखादा ठळक तारा निवडायचा, दुर्बीण त्यावर रोखायची आणि गप्प बसायचं. खालची मोटर दुर्बिणीला ताऱ्याबरोबर फिरवत राहते. ठरल्या मिनिटाला ताऱ्याशेजारून एक ठिपका चालत जातो. तो दगड. शिवाय एक यादी आहे, लिफ्टच्या तपासणीसारखी. तारीख तपासली, घड्याळ लावलं, दगडाच्या कक्षेची आजची ताजी माहिती उतरवून घेतली, दुर्बिणीचा आरसा सरळ केला, मोटरची बॅटरी भरली. एकूण एकतीस मुद्दे, प्रत्येकापुढे खूण. ‘आपण कुठे उभे आहोत’ हा मुद्दा त्यात नव्हता. इमारत काही जागची हलत नाही.

गेल्या हिवाळ्यात सातव्या मजल्यावरच्या डेंटिस्टने तक्रार केली. संध्याकाळी डोक्यावर कुणीतरी दुर्बिणीचं तिकाटणं सरकवतं, आपटतं, स्वतःशी बोलतं. तक्रार इमारतीच्या समितीकडे, म्हणजे बाईंकडे गेली. बाई चाळीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या, आता समितीच्या सेक्रेटरी. ज्यांना त्यांनी कधी शिकवलं नाही तेही त्यांना बाईच म्हणतात आणि त्यांच्यासमोर हात मागे बांधून उभे राहतात.

बाईंनी खगोलरावांना बोलावून घेतलं. ‘गच्चीची किल्ली तीन वर्षं तुमच्याकडे आहे. वर नेमकं काय बघता ते इमारतीत एकालाही माहीत नाही.’

‘लघुग्रह बघतो, बाई.’

‘मग एकदा दाखवा. आम्हाला दिसला, तर किल्ली तुमच्याकडे. नाही दिसला, तर गच्ची सातनंतर बंद.’

गच्ची गेली की सगळंच गेलं. पहिल्या मजल्याच्या खिडकीतून समोरच्या इमारतीचे ड्रेनेजचे पाइप दिसतात, आणि मान वाकडी केली तर आणखी पाइप.

‘शनी दाखवा,’ बायको म्हणाली. ‘कडं बघून लोक खूश होतात. कशाला विषाची परीक्षा?’

‘शनी बघायला तीन वर्षं किल्ली लागत नाही. दगडासाठी मागितली, दगडच दाखवणार.’

‘दगडच आहात.’

त्याच आठवड्यात एक उत्तम दगड येत होता. चंद्राच्या निम्म्या अंतराहूनही जवळून, आणि वेळ कशी, तर लोकांची जेवणं आटोपण्याची. मंगळवारी दुपारी खगोलरावांनी कागद छापला: बुधवार, आठ वाजून बारा मिनिटं, अमुक तारा, जवळजवळ डोक्यावर. कागदाच्या प्रती काढून त्यांनी लिफ्टमध्येही एक चिकटवली. लिफ्ट त्यांचीच.

बुधवारी आकाश स्वच्छ होतं. आठला बाई शाल घेऊन आल्या, डेंटिस्ट हात खिशात घालून आला, बायको घडीची खुर्ची घेऊन आली. खगोलरावांनी यादीतल्या एकतीस खुणा पुऱ्या केल्या आणि तारा दुर्बिणीत मधोमध आणला.

‘अहो,’ बायको कागद दिव्याजवळ धरून म्हणाली, ‘इथे जवळजवळ डोक्यावर लिहिलंय. तुम्ही तर पाण्याच्या टाकीच्या जरा वर रोखलीय.’

‘तारा तोच आहे ना? मग झालं. मध्ये बोलू नकोस.’

तारा तोच होता. बाई खुर्चीत बसून दुर्बिणीला डोळा लावून राहिल्या. आठ बारा झाले. आठ चौदा झाले.

‘तारा दिसतोय,’ बाई म्हणाल्या. ‘एकटाच आहे.’

आठ वीसला डेंटिस्टने घसा साफ केला. ‘खगोलराव, तुमचे पाहुणे मध्येच कुठल्या मजल्यावर उतरले की काय?’ आणि तो खाली गेला. त्याचं दार लागल्याचा आवाज वर ऐकू आला.

बाई उठल्या. त्यांनी हात पुढे केला. खगोलरावांनी जुडग्यातून किल्ली सोडवायला घेतली. एरवी वीस मजल्यांचा दोर एका हाताने तपासणाऱ्या माणसाला ती कडी काही उघडता येईना. शेवटी बायकोने उघडून दिली.

मग ती लॅपटॉप उचलायला वाकली आणि तशीच थांबली. ‘अहो, या कोपऱ्यात लेकीच्या गावाचं नाव का आहे?’

खगोलरावांनी वाचलं. पुन्हा वाचलं. आणि खुर्चीवर बसले.

प्रकरण असं होतं. त्यांची लेक लग्नानंतर सरळ दक्षिणेला, दीड हजार किलोमीटरवर राहायला गेली. दर रविवारी संध्याकाळी ती बाल्कनीतून फोन करते आणि विचारते, ‘बाबा, समोर दिसतोय तो कोणता?’ मग बाबा सॉफ्टवेअरमध्ये तिचं गाव टाकतात, तिच्या आकाशात काय चाललंय ते इथे बसून बघतात आणि तिला सांगतात. फोन झाला की आपलं गाव परत. या रविवारी मात्र बायकोने फोन मध्येच घेतला, मायलेकी पाऊण तास बोलल्या, आणि कंटाळून खगोलरावांनी लॅपटॉप मिटला. बुधवारचं सगळं नियोजन लेकीच्या बाल्कनीसाठी झालं होतं.

बाई जिन्यापर्यंत पोचल्या होत्या. ढग आला असेल, माहिती जुनी असेल, यंत्र बिघडलं असेल, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. लिफ्ट अडकली की खगोलरावांच्या धंद्यात लोक असंच काहीतरी सांगतात.

‘बाई, दगड वेळेवर आला होता,’ ते म्हणाले. ‘मीच चुकीच्या गावाचा कागद काढला.’

बाई वळल्या. ‘तारा तर बरोबर होता.’

‘तारा कुठूनही त्याच ताऱ्यांमध्ये दिसतो. दगड नाही.’

‘का?’

हा ‘का’ चाळीस वर्षं वापरून गुळगुळीत झालेला होता. खगोलराव उभे राहिले. ‘बाई, हात लांब करा. अंगठा उभा धरा, त्या लांबच्या टॉवरच्या दिव्यांसमोर. एक डोळा मिटा. आता तो उघडा, दुसरा मिटा.’

बाईंनी मिटला, उघडला. पुन्हा मिटला.

‘अंगठा सरकतो,’ त्या म्हणाल्या.

‘दिवे सरकत नाहीत. दिवे म्हणजे तारे. अंगठा जवळ आहे, म्हणून. इथून दीड हजार किलोमीटर दक्षिणेला माझी लेक राहते. ती एक डोळा, आपण दुसरा.’

‘किती सरकला?’

खगोलरावांनी सॉफ्टवेअरमध्ये आपलं गाव टाकून दोन्ही जागांतला फरक बघितला. ‘अर्धा अंश. एका पूर्ण चंद्राएवढा. दुर्बिणीत आपल्याला ताऱ्याच्या कुठल्याही बाजूला तेवढं आकाश दिसत नाही. तो बाजूने गेला.’

बाईंनी शाल घट्ट केली. त्या मनात भागाकार करत होत्या, ओठ हलत होते. ‘दीड हजार किलोमीटरला अर्धा अंश. म्हणजे पावणेदोन लाख किलोमीटरवर आहे तो?’

‘थोडा कमीच, बाई.’

खगोलरावांच्या तोंडून हे निघालं, पण ते बघत होते लॅपटॉपच्या पडद्याकडे. तीन वर्षांत ते गणित त्यांनी स्वतः कधी केलं नव्हतं. सॉफ्टवेअर करतं.

‘मग आता कुठे आहे?’ बाईंनी विचारलं.

खगोलरावांनी आताची वेळ टाकली. वेळापत्रक डोळ्यांदेखत नव्याने मांडलं गेलं. दगड अजून दीड तास टप्प्यात होता. वाटेवरचा पुढचा ठळक तारा आठ एक्कावन्नला. त्यांनी दुर्बीण वळवली, तारा मधोमध आणला, खुर्ची पुढे सरकवली. ती आपटली, पण त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. बाई बसल्या.

आठ पन्नासला बाई म्हणाल्या, ‘एक ठिपका आहे. मघाशी नव्हता.’

‘बघत राहा.’

‘सरकतोय.’ थोड्या वेळाने त्या पुन्हा म्हणाल्या, ‘चालल्यासारखा सरकतोय.’

साडेतीन मिनिटं बाई हलल्या नाहीत. खगोलराव त्यांच्या खांद्यामागे उभे होते, एका पायावरून दुसऱ्या पायावर. दोनदा ‘बाई, जरा’ म्हणाले. बाईंनी हाताने थांबा अशी खूण केली. वर्गात मागच्या बाकावरच्याला करतात तशी. ठिपका कडेला जाऊन दिसेनासा झाला, तेव्हा त्यांनी डोळा काढला.

‘एवढंच?’ त्या म्हणाल्या.

‘एवढंच असतं, बाई.’

‘पुढचा कधी?’

‘एकोणीस दिवसांनी. याहून बारीक आहे, आणि पहाटे साडेचारला.’

बाईंनी किल्ली शालीच्या टोकात बांधली. ‘आम्हाला आठ बाराला दाखवतो म्हणालात, आठ एक्कावन्नला दाखवलंत. तेव्हा किल्ली माझ्याकडे राहील. साडेचारला बेल वाजवा, मी जागी असते. गच्ची मी उघडेन.’ जिना उतरता उतरता त्या थांबल्या. ‘आणि कागद आदल्या दिवशी आणून द्या. मी तपासून देईन.’

बायको खुर्चीची घडी घालत होती. ‘तुम्ही बघितलात का पण?’

खगोलराव लॅपटॉपची वायर गुंडाळत होते. ‘कुठला. बाई उठल्याच नाहीत.’