दर्यापूर रस्त्याच्या पुलाची जाळी

सळया बांधणाऱ्यांकडं किस्से भंगारासारखे साचतात. कोणी विकत घेत नाही, आणि टाकवत तर मुळीच नाही! हे किस्से आमचं वऱ्हाड नागपूरच्या सरकारात होतं तेव्हाचे. अकोल्याहून दर्यापूरकडं जाताना एका नाल्यावर सिमेंटचा पूल होत होता, दोन गाळ्यांचा. आमचा मुकादम किसनदादा. त्याचा देव एकच, सळया बांधायची तार!

तिथं एका जिनिंगच्या वर्कशॉपातून रहीमभाई आले, वेल्डिंगचा गॅस घेऊन. दोन सळया वितळवून जोडल्या आणि उचलून दाखवल्या. "अब ये दो नहीं, एक है!"

किसनदादा म्हणाला, "भाई, इतकं एक तं आमी लगीन लागूनबी झालो नाही!"

*

हसलो खरे. पण वेल्डिंग पास झालं तर तार आणि आम्ही, दोघंही घरी बसणार होतो.

म्हणून मी रहीमभाईंचा डबा सळयांच्या जाळीला तारेनं असा आवळला, की सोडवताना त्यांची नखं दुखली. शेवटी त्यांनी ज्योत लावली. डबा सुटला, भाकरीचा कोळसा! मी माझी भाकर पुढं केली. ती खात म्हणाले, "तार कडक है तुम्हारी. अक्कल ढिली!"

*

ओव्हरसियरसाहेबांनी जोडलेली सळई ऐरणीवर वाकवायला लावली. ती जोडाच्या शेजारीच तुटली.

"जोड साबूत है! टूटा तो लोहा है!" रहीमभाई म्हणाले.

"हव ना," किसनदादा म्हणाला. "दवा लागू पडली, मानूस मेला!"

दुसरी सळई मात्र वाकली, तुटली नाही. किसनदादाचं हसू तिथंच विरलं. साहेब पेचात पडले. त्यांनी एक गाळा भाईंना दिला, एक आम्हाला. "ज्याचा टिकेल, पुढच्या पुलांचं काम त्याचं!"

*

आमच्यात रीत होती. सिमेंट वाळल्यावर स्लॅबखालचे टेकू काढताना, ज्यानं जाळी केली त्यानं तिच्याच खाली जाऊन बसायचं. रहीमभाईंना कोणी सांगितलं नव्हतं, तरी किसनदादा उतरला तसे तेही उतरले. बाळापूरहून त्यांची म्हातारी आई आली होती, ती काठावर तसबीहचे मणी ओढत उभी. किसनदादाची बायको तिच्या शेजारी. खाली टेकूंची एवढी दाटी, की कोण कुठं बसलंय ते दिसेना. मलासुद्धा थट्टा सुचली नाही.

टेकूंना दोर बांधून आम्ही काठावरून ओढले. फळ्या कोसळल्या, धूळ उठली.

धूळ बसली. दोन्ही गाळे जागच्या जागी. तारेच्या गाळ्याखाली रहीमभाई मांडी घालून बसलेले. वेल्डिंगच्या गाळ्याखाली किसनदादा, विडी शिलगावून.

म्हातारी ओरडली, "अरे रहीम! तू उधर कायकू बैठा?"

रहीमभाई कपडे झटकत उठले. "कुछ नहीं, अम्मी. इधर जरा छाँव थी."